गनडॉग घडवताना: पिल्लापासून पहिल्या हंगामापर्यंत

ब्रिटनमधील पक्ष्यांच्या शिकारीत, म्हणजे तिथे ज्याला नुसते ‘शूट’ म्हणतात त्या दिवसभराच्या कार्यक्रमात, गनडॉगकडे, म्हणजे बंदूकधाऱ्यांना साथ देणाऱ्या कुत्र्याकडे, दोन कामे असतात. झाडोऱ्यात दडलेले फेझंट किंवा तितर उठवून बंदूकधाऱ्यांच्या दिशेने उडवणे हे पहिले, आणि पडलेला पक्षी, विशेषतः जखमी होऊन पळालेला पक्षी, शोधून आणणे हे दुसरे. या दोन्ही कामांची ओढ चांगल्या वंशाच्या कुत्र्यात उपजतच असते. शिकवावे लागते ते थांबणे. समोर पक्षी फडफडत पडला, शेजारचा कुत्रा सुटला, डोक्यावर बंदूक कडाडली, तरी सांगितल्याशिवाय जागचे हलायचे नाही, हे कोणत्याही कुत्र्याच्या रक्तात नसते. पुढील मार्गदर्शन बरेचसे याच एका गोष्टीभोवती फिरते, कारण नाक जरा कमी असलेला कुत्रा शूटवर चालून जातो, पण न थांबणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला पुढच्या वर्षी बोलावणे येत नाही.

येथील माहिती इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमधील परिस्थितीला धरून आहे, आणि तिकडे स्थायिक झालेले जे मराठी वाचक गावाकडच्या एखाद्या लहान शूटवर कुत्रा घेऊन जाऊ इच्छितात त्यांना ती थेट उपयोगी पडेल. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पशुपक्ष्यांची शिकार करण्यास मनाई आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील लॅब्राडोर पाळणाऱ्यांनी यातील शिटी, डमी (पक्ष्याऐवजी फेकून आणायला लावायची कापडी वस्तू) आणि शिस्तीचा भाग तेवढा घ्यावा. तो मोकळ्या मैदानावर निर्धास्तपणे करता येतो, आणि दिवसभर घरात कंटाळून खुर्च्यांचे पाय कुरतडणाऱ्या तरुण कुत्र्याला त्याची फार गरज असते. आपल्याकडच्या उन्हात मात्र हा सराव उजाडताच करावा आणि ऊन चढण्याआधी आटोपावा.

कोणता कुत्रा निवडावा

सोलापूर-लातूरकडचा कारवानी कुत्रा ज्यांनी पाहिला आहे त्यांनी आधी एक फरक लक्षात घ्यावा. कारवानी हा नजरेवर शिकार करणारा कुत्रा आहे. सावज दिसले की वेगाने त्याच्यामागे सुटणे हेच त्याचे काम, आणि त्यात माणसाची भूमिका फारशी उरत नाही. गनडॉग नाकावर काम करतो आणि सतत माणसाच्या संमतीने करतो. म्हणून ज्या गुणासाठी कारवानीची वाहवा होते, तोच गुण गनडॉगमध्ये दोष ठरतो.

शूटवर प्रामुख्याने दोन गट दिसतात. पडलेले पक्षी आणण्यासाठी लॅब्राडोर, त्याखालोखाल गोल्डन व फ्लॅट-कोटेड रिट्रिव्हर. आणि झाडोरा धुंडाळून पक्षी उठवण्यासाठी इंग्लिश स्प्रिंगर व कॉकर स्पॅनिएल. यांखेरीज जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, हंगेरियन विझ्ला अशा जाती पक्षी शोधणे, त्याच्यासमोर ताठ उभे राहून दाखवणे आणि पडल्यावर आणणे ही तिन्ही कामे करतात, पण त्यांना मोठा मुलूख लागतो आणि मालकालाही अनुभव लागतो. पहिलाच कुत्रा असेल तर माझे मत लॅब्राडोरच्या बाजूने आहे. स्पॅनिएल अधिक मजेदार असतो यात शंका नाही. परंतु त्याची बुद्धी मालकापेक्षा अर्धे पाऊल पुढे धावते, आणि नवख्या मालकाची त्यात फार दमछाक होते.

जातीपेक्षाही महत्त्वाची बाब म्हणजे वंश. इंग्लंडमध्ये १८६५ साली बेडफर्डशरमधील साउथहिल येथे पहिली फील्ड ट्रायल, म्हणजे गनडॉगच्या प्रत्यक्ष कामाची स्पर्धा, झाली, १८७३ साली केनेल क्लबची स्थापना झाली, आणि त्यानंतरच्या दीडशे वर्षांत अनेक जातींचे प्रदर्शनाचे कुत्रे आणि कामाचे कुत्रे असे दोन वेगळे प्रवाह झाले. प्रदर्शनाच्या वंशातला लॅब्राडोर जाडजूड, रुंद डोक्याचा आणि बहुधा संथ असतो. कामाच्या वंशातला सडपातळ, उंच पायांचा आणि चपळ असतो. वंशावळीत अलीकडच्या तीन-चार पिढ्यांत फील्ड ट्रायल चॅम्पियन असलेली नावे शोधावीत, पण तेवढ्यावर न थांबता पिल्लांच्या आईला प्रत्यक्ष काम करताना पाहावे. ती मालकाजवळ गप्प बसते की सतत कुंईकुंई करते, हे पाहणे सर्वांत मोलाचे आहे, कारण ड्राइव्ह, म्हणजे माणसांची रांग पक्ष्यांना हाकून बंदूकधाऱ्यांकडे उडवते तो टप्पा, चालू असताना कण्हण्याची सवय पुढच्या पिढीत उतरते आणि एकदा लागली की सहसा सुटत नाही.

आरोग्याच्या चाचण्या मागताना संकोच करू नये. कंबरेच्या सांध्यांच्या तपासणीत दोन्ही बाजूंचे मिळून ० ते १०६ गुण दिले जातात आणि ते जितके कमी तितके चांगले. कोपराच्या सांध्याला ० ते ३ अशी श्रेणी असते व तिथे शून्यच पाहावे. लॅब्राडोरच्या बाबतीत डोळ्यांच्या पीआरए या विकाराची, स्नायूंच्या सीएनएमची आणि जोराच्या श्रमानंतर मागचे पाय लुळे पाडणाऱ्या ईआयसीची जनुकीय चाचणी झालेली असावी. पिल्लाला मायक्रोचिप बसवणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ती नसलेले पिल्लू घेण्याचा प्रश्नच येत नाही.

पहिले सहा महिने

पिल्लू आठ आठवड्यांचे झाले की घरी येते, आणि बहुतेकांना त्याच आठवड्यात चेंडू फेकण्याचा मोह होतो. तो आवरावा. या वयात त्याने चार गोष्टी शिकाव्यात: नाव ऐकताच मान वळवणे, बोलावल्यावर धावत येणे, बसणे, आणि काहीही न घडता शांत पडून राहणे. जेवणाची थाळी जमिनीवर ठेवण्याआधी क्षणभर बसवावे आणि शिटीच्या दोन-तीन तुटक फुंकांवर थाळीकडे बोलवावे. ‘थांबलो की मिळते’ हा हिशेब पिल्लाच्या डोक्यात इथेच पक्का बसतो, आणि पुढे पक्ष्याच्या बाबतीत तोच वापरायचा असतो.

बागेत कबुतरांमागे पळणे, सशामागे धावणे, दुसऱ्या कुत्र्यांशी तासन्‌तास धुमाकूळ घालणे हे सर्व गोंडस दिसते, पण त्यातून पिल्लू मालकाविना मौज करायला शिकते. फडके ओढाओढीचा खेळही टाळावा, कारण तोंडातली वस्तू घट्ट धरून ठेवण्याची सवय पुढे पक्ष्याच्या बरगड्यांवर निघते. पिल्लाने चप्पल किंवा मोजा तोंडात धरून आणला तर रागावू नये. त्याला जवळ घ्यावे, छाती खाजवावी, वस्तू काही क्षण त्याच्याच तोंडात राहू द्यावी आणि मग हळूच काढून घ्यावी. तोंडात काही दिसताच झडप घालणाऱ्या मालकाचा कुत्रा पुढे पक्षी घेऊन पाच पावलांवर गोल गोल फिरत राहतो.

हाडे पक्की होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, उंच उड्या, जिने आणि लांब पल्ल्याच्या धावण्यापासून त्याला दूर ठेवावे. पाण्याची ओळख उन्हाळ्यात, उथळ काठाच्या संथ पाण्यात आणि शक्यतो पोहणाऱ्या मोठ्या कुत्र्याच्या सोबतीने करावी. पिल्लाला उचलून पाण्यात टाकणे हा शुद्ध मूर्खपणा आहे.

शिटी आणि शब्द

शूटवर मालकाचा आवाज जितका कमी ऐकू येईल तितके चांगले, म्हणून शिटी अगदी सुरुवातीपासून वापरावी. बर्मिंगहॅममध्ये तयार होणाऱ्या अ‍ॅक्मीच्या प्लॅस्टिकच्या शिट्या सर्वत्र चालतात. त्यांवर स्वराचा क्रमांक छापलेला असतो. २१०½ आणि २११½ हे दोन जास्त दिसतात. स्वर कोणताही घ्यावा, पण एकच ठेवावा आणि त्याच क्रमांकाची दुसरी शिटी खिशात असू द्यावी, कारण पहिली नेमकी चिखलात पडते. एक लांब फुंक म्हणजे ‘जिथे असशील तिथे बस आणि माझ्याकडे पाहा’, आणि तुटक फुंकांची मालिका म्हणजे ‘परत ये’. सुरुवातीला याहून अधिक काही नको.

आज्ञा मराठीत द्याव्यात की इंग्रजीत, हा प्रश्न आपल्या माणसांना पडतोच. मराठीत देण्याचा एक फायदा असा की शेजाऱ्याने त्याच्या कुत्र्याला दिलेली आज्ञा आपला कुत्रा स्वतःची समजत नाही. मात्र ‘बस’ आणि इंग्रजी ‘बॅक’ ही जोडी एकत्र वापरू नये. वाऱ्यात, शंभर मीटरवरून, दोन्हींतला फरक कुत्र्याला कळत नाही, आणि एकीचा अर्थ थांब तर दुसरीचा अर्थ आणखी मागे जा असा असल्याने गोंधळ उडतो.

थांबण्याची शिटी शिकवण्याचा क्रम मोडू नये. आधी कुत्रा मालकाच्या डाव्या पायाशी चालत असताना लांब फुंक मारून बसवावे. ते बिनचूक झाल्यावर तो समोर दोन-चार पावलांवर असताना, मग मालकाकडे येत असताना, मग मोकळा हुंगत असताना, आणि सर्वांत शेवटी डमीकडे धावत असताना. ही शेवटची पायरी फार क्वचित वापरावी, कारण धावत्या कुत्र्याला वारंवार थांबवले की तो स्वतःहूनच अर्ध्या वाटेत थांबून मालकाचे तोंड पाहू लागतो. शिटी वाजूनही कुत्रा थांबला नाही तर दुसऱ्यांदा वाजवू नये. शांतपणे चालत जावे, त्याला पट्टा घालून जिथे थांबायला हवे होते नेमक्या त्याच जागी आणून बसवावे, तिथे पुन्हा एकदा फुंक मारावी आणि त्या दिवशी डमी बंद करावी. कुत्र्याच्या लेखी डमी न मिळणे हीच पुरेशी शिक्षा असते. उशिरा परत आलेल्या कुत्र्याला मारले तर तो एवढेच शिकतो की परत येणे धोक्याचे आहे. विजेचा झटका देणारे पट्टे वेल्समध्ये २०१० पासून बेकायदा आहेत, आणि जिथे कायदा आड येत नाही तिथेही ते वापरण्याचे कारण मला दिसत नाही.

डमीचा अभ्यास

साधी कॅनव्हासची डमी सुमारे ४५० ग्रॅमची असते. पिल्लासाठी निम्म्या वजनाची घ्यावी. साधारण सहा महिन्यांनंतर, बसणे व परत येणे पक्के झाल्यावर, आठवड्यातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे पुरतात. रोज तासभर डमी फेकल्याने कुत्रा तयार होत नाही, उतावळा होतो.

मुख्य अभ्यास असा. कुत्र्याला बसवावे, डमी फेकावी, आणि स्वतः चालत जाऊन ती उचलून आणावी. कुत्रा बसून राहिला तर कौतुक करावे आणि पुन्हा तेच करावे. दहा डम्या फेकल्या तर सहा-सात मालकाने उचलाव्यात आणि उरलेल्यांसाठी कुत्र्याला पाठवावे, तेही लगेच नव्हे. मनातल्या मनात पाच-दहा आकडे मोजून, त्याचे नाव घेऊन. नवख्या मालकाला हे अतिशय कंटाळवाणे वाटते आणि नेमके इथेच बहुतेक कुत्रे बिघडतात. हवेतून पडणारी प्रत्येक वस्तू आपलीच आहे असे एकदा ठरवलेला कुत्रा पहिल्या ड्राइव्हवर, दर मिनिटाला आठ-दहा पक्षी पडत असताना, मालकाच्या शेजारी बसून राहील ही अपेक्षा व्यर्थ आहे.

त्यानंतर स्मरणाची डमी येते. कुत्र्याच्या देखत कुंपणाशी डमी टाकावी, त्याला पायाशी घेऊन पन्नास पावले दूर चालत जावे, वळावे आणि परत पाठवावे. अंतर हळूहळू वाढवावे. मग एक दिवस त्याच ठिकाणी त्याच्या नकळत डमी ठेवून पाठवावे. सवयीच्या जागी तो विश्वासाने जातो, डमी सापडते, आणि न पाहिलेली वस्तूही मालक सांगतो तिथे असते ही खात्री त्याला पटते. डावी-उजवी दिशा शिकवताना कुत्र्याला भिंतीला किंवा कुंपणाला पाठ करून बसवावे, मालकाने समोर दहा-पंधरा पावलांवर उभे राहावे, एका बाजूला डमी टाकून तोच हात पूर्ण पसरावा आणि आज्ञा द्यावी. कुंपणामुळे त्याला मागे जाता येत नाही, म्हणून चूक कमी होते. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे पक्क्या झाल्यावरच दोन डम्या एकदम टाकाव्यात, आणि त्यांतली आधी पडलेली आणायला लावावी. नंतर पडलेलीचा मोह टाळणे हाच यातला खरा धडा आहे.

वाऱ्याचा विचार पहिल्या दिवसापासून करावा. कुत्रा वासावर काम करतो, आणि वास वाऱ्याबरोबर येतो. म्हणून सुरुवातीला डमीकडून कुत्र्याकडे वारा वाहील अशी मांडणी करावी, म्हणजे यश लवकर मिळते. पुढे आडव्या वाऱ्यावर आणि पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यावरही सराव द्यावा. डमी उंच गवतात पडली असेल तर त्या जागी पोचल्यावर कुत्र्याने तिथेच गोल फिरून हुंगावे यासाठी वेगळा शब्द लागतो. इंग्लंडमध्ये ‘हाय लॉस्ट’ असे पूर्वापार म्हणतात, आपण ‘शोध’ म्हटले तरी चालते.

स्पॅनिएलच्या बाबतीत याच्या जोडीला नागमोडी शोध शिकवावा लागतो. तो मालकाच्या पुढे डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे असा, दोन्ही बाजूंना फार तर पंधरा-वीस पावले, झाडोरा विंचरत जातो. ही मर्यादा उगीच ठरवलेली नाही. छर्ऱ्याच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला पस्तीस-चाळीस मीटर. कुत्र्याने त्याच्यापुढे पक्षी उठवला तर तो बंदुकीच्या टप्प्याबाहेरच उठतो.

बंदुकीचा आवाज आणि खरे पक्षी

आवाजाची ओळख घाईने केल्यास कुत्रा कायमचा भेदरतो, आणि भेदरलेला गनडॉग सुधारणे अत्यंत कठीण असते. मदतनीसाला शंभर-दीडशे मीटरवर उभे करून, कुत्रा डमीच्या नादात असताना फुसका बार काढावा. कान टवकारले आणि काम चालू ठेवले तर ठीक. शेपूट खाली गेली तर अंतर वाढवावे. काही आठवड्यांत जवळ यावे. पिल्लाला ‘सवय व्हावी’ म्हणून मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी करणाऱ्या क्लबात नेऊन उभे करणे धोक्याचे आहे. दिवाळी आणि इंग्लंडमधील ५ नोव्हेंबरचे फटाके बहुधा मागे-पुढेच येतात. त्या रात्री पिल्लू घरात, पडदे ओढून, रेडिओ लावून ठेवावे.

डमीकडून पक्ष्याकडे जाताना आधी मेलेला, थंड झालेला, न फाटलेला पक्षी द्यावा. तितर आकाराने सोयीचे. कबुतराची पिसे सुटून तोंडाला चिकटतात आणि तरुण कुत्रा ती थुंकत बसतो, म्हणून कबुतर सुरुवातीला नकोच. वुडकॉक हा पक्षी तोंडात धरायला अनेक कुत्रे नाखूश असतात. त्याबद्दल जबरदस्ती करू नये. पुढची पायरी सशांच्या बंदिस्त वाड्याची, जिथे समोरून ससा उठला की कुत्र्याने खाली बसायचे असते. अनेक प्रशिक्षक असे वाडे भाड्याने देतात. तिथे एक-दोन वेळा नेणे उपयुक्त. वारंवार नेले तर कुत्रा फक्त त्या वाड्यातच सभ्य वागतो.

शूटचा दिवस

हंगामाच्या तारखा कायद्याने ठरलेल्या आहेत. ग्राउजचा हंगाम १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर, तितराचा १ सप्टेंबर ते १ फेब्रुवारी आणि फेझंटचा १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी असा चालतो, आणि इंग्लंड व वेल्समध्ये १८३१ च्या गेम अ‍ॅक्टनुसार रविवारी व नाताळच्या दिवशी या पक्ष्यांची शिकार करता येत नाही. कुत्रा दीड वर्षाचा होण्याआधी त्याला कामाला लावू नये. पहिल्या एक-दोन दिवशी त्याला पट्ट्यावरच ठेवून, कुणा जाणत्या माणसाशेजारी उभे राहून, नुसते पाहू द्यावे. माजावर आलेली कुत्री शूटवर नेऊ नये. एक कुत्री दहा कुत्र्यांचा दिवस वाया घालवते.

शूटवर साधारणतः आठ बंदूकधारी असतात. सकाळी चिठ्ठ्या काढून त्यांच्या जागा ठरतात आणि प्रत्येक ड्राइव्हनंतर ते क्रमाने, बहुधा दोन-दोन जागा, सरकतात. सुरुवातीला होणाऱ्या सूचना नीट ऐकाव्यात: कोणते पक्षी मारायचे नाहीत, ड्राइव्हची सुरुवात व शेवट कोणत्या भोंग्याने होणार. काम करताना कुत्र्याच्या गळ्यात पट्टा ठेवू नये, कारण तो तारेत किंवा फांदीत अडकून गळफास बसू शकतो. काढता-घालता येणारा फासाचा पट्टा मालकाच्या गळ्यात असावा.

हाका घालणाऱ्यांच्या रांगेत कुत्रा घेऊन चालायचे असेल तर रांग सरळ ठेवणे आणि कुत्रा दहा-पंधरा पावलांत ठेवणे एवढेच काम आहे, आणि ते दिसते तितके सोपे नाही. रानातले पक्षी उडण्याआधी जमिनीवरून पुढे पळत रानाच्या टोकाशी गोळा होतात. तिथे कीपरला, म्हणजे शूटसाठी पक्षी सांभाळणाऱ्या माणसाला, ते चार-चार, पाच-पाच असे उठवायचे असतात. या घडीला एखादा स्पॅनिएल रांग सोडून पुढे घुसला तर दोन-तीनशे पक्षी एकदम उडतात, बंदूकधाऱ्यांना दोन बार काढायला मिळतात आणि ड्राइव्ह संपते. कीपरने उन्हाळ्यात रानात सोडलेली, तेव्हापासून रोज दाणा घालून तिथे टिकवून धरलेली पाखरे अशी अर्ध्या मिनिटात निघून जातात. मग तो काय बोलतो ते इथे छापण्याजोगे नसते. म्हणून टोक जवळ आले की सांगण्याची वाट न पाहता कुत्र्याला पट्टा घालावा.

पक्षी गोळा करणाऱ्यांची जागा बंदूकधाऱ्यांच्या बरीच मागे, दीडशे-तीनशे मीटरवर असते, आणि माझ्या मते रिट्रिव्हरचे खरे शिक्षण इथे पुरे होते. ड्राइव्ह चालू असताना कुत्र्याकडे नव्हे, आकाशाकडे पाहावे. पाय लोंबकळत उडणारा, बार झाल्यावर एकदम दचकलेला, किंवा हळूहळू खाली येत दूरच्या कुंपणापलीकडे उतरलेला पक्षी जखमी समजावा आणि तो कोणत्या झाडाच्या रेषेत उतरला ते मनात नोंदवावे. एखादा पक्षी बार लागल्यावर सरळ उभा वर चढतो आणि मग दगडासारखा कोसळतो. तो बहुधा पाठीवर मरून पडलेला सापडतो, फक्त अपेक्षेपेक्षा बराच लांब.

मेलेला पक्षी पळून जात नाही, म्हणून पडून असलेल्यांसाठी घाई नको. जखमी पक्ष्याला मात्र लवकरात लवकर शोधून त्याच्या यातना संपवणे हे कर्तव्य आहे, आणि कुत्रा नेण्याचे सर्वांत मोठे समर्थनही तेच आहे. नवख्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी पळणाऱ्या जखमी नर फेझंटवर सोडू नये. ते काम अनुभवी कुत्र्याने करावे. नवख्याला ड्राइव्ह संपल्यावर, उघड्यावर नव्हे पण फार गचपणातही नव्हे, असा एखादा मेलेला पक्षी शोधायला द्यावा. पुढे जेव्हा तो मागावर सोडण्याइतका तयार होईल तेव्हा त्याला पक्षी पडल्याच्या जागेपर्यंत न्यावे, पिसे दाखवावीत आणि मग शिटी खिशात ठेवावी. कुत्रा आपल्याला वाटते त्याच्या नेमक्या उलट दिशेला, नाक जमिनीला लावून, ओढ्याच्या कडेने निघाला तर मालकाचा हात शिटीकडे जातोच. तो आवरावा. पक्षी कुठे उतरला हे माणसाने पाहिले असते, पण तो तिथून पळत कुठे गेला हे फक्त कुत्र्याला कळते. मागावरून शिटीने परत बोलावलेला कुत्रा दोन-तीनदा असे झाले की स्वतःच्या नाकावर विसंबणे सोडून देतो. थांबायला शिकवण्यात दोन वर्षे घालवल्यानंतर मालकाला स्वतःला थांबावे लागते ते इथे.

पक्षी हातात आला आणि जिवंत असला तर तत्क्षणी मान मोडून किंवा डोक्यावर आखूड दांडक्याचा एकच नेमका घाव घालून संपवावा. हे कुणा जाणत्याकडून आधी शिकून घ्यावे. धडपडत्या पक्ष्यासमोर शिकू नये. मग पक्षी तळहातावर धरून बोटांनी बरगड्या चाचपाव्यात. दोन्ही बाजू गोल लागल्या तर कुत्र्याचे तोंड मऊ आहे. दोन्ही बाजू चेपलेल्या लागल्या, आणि असे वारंवार घडले, तर कुत्रा पक्षी चावतो आहे. एका बाजूची मोडतोड मात्र उंचावरून कठीण जमिनीवर आपटल्यानेही होते, तेव्हा एका पक्ष्यावरून निकाल देऊ नये.

बंदूकधाऱ्याजवळ स्वतःचा कुत्रा असेल तर त्याच्या आसपासचे पक्षी त्याच्यासाठी सोडावेत आणि आधी विचारावे. दुसऱ्याचा कुत्रा काम करत असलेल्या जागी आपला पाठवू नये. काटेरी तारेवरून उडी मारायला लावू नये; उचलून पलीकडे ठेवावे किंवा फाटकातून न्यावे. आपला कुत्रा चुकला तर गाजावाजा न करता पट्टा घालून पुढची ड्राइव्ह बसवून ठेवावे.

काम झाल्यावर

कुत्र्याला सकाळी भरपेट खायला घालून धावायला लावल्यास पोट फुगून जिवावर बेतू शकते, म्हणून मुख्य जेवण संध्याकाळी, धाप पूर्ण उतरल्यावर द्यावे. मधल्या वेळेत थोडा खाऊ आणि पाणी पुरते. गाडीत ठेवण्यापूर्वी त्याला टॉवेलने कोरडे पुसावे. पंजांच्या फटी, कान, डोळ्यांचे कोपरे आणि छातीखालची कातडी काटे, गोचिडी व तारेच्या फाटलेल्या जखमांसाठी तपासावी. लांब केसांत तारेची जखम सहज लपते. थंड पाण्यात बराच वेळ काम केल्यानंतर दुसऱ्या दिवशी शेपूट मुळाशी ताठ आणि पुढे लुळी लोंबकळताना दिसली तर घाबरू नये. हा स्नायूंचा त्रास आहे, दुखतो, आणि विश्रांतीने बहुधा काही दिवसांत बरा होतो; दुखणे जास्त असेल तर पशुवैद्याकडे न्यावे, स्वतःच्या डब्यातली माणसांची वेदनाशामक गोळी कधीही देऊ नये.

१ फेब्रुवारीनंतर महिनाभर पूर्ण सुट्टी द्यावी. पहिला हंगाम केलेला कुत्रा जवळपास नेहमीच थोडा सैल झालेला असतो: बसलेल्या जागेवरून वीतभर पुढे सरकतो, शिटीवर दोन ढांगा उशिरा थांबतो, पायाशी चालताना खांदा पुढे काढतो. मार्चमध्ये पुन्हा पट्टा, पायाशी चाल आणि मालकाने स्वतः उचलायच्या डम्या इथून सुरुवात करावी. उन्हाळ्यातल्या डमीवरच्या स्पर्धांना, ज्यांना तिथे वर्किंग टेस्ट म्हणतात, नवशिक्यांच्या गटात उतरावे. अनोळखी जागी, अनोळखी कुत्र्यांच्या रांगेत, स्वतःची पाळी येईपर्यंत गप्प बसण्याचा सराव तिथे जितका मिळतो तितका घरच्या मैदानावर मिळत नाही.